परक्या शहरात वाट विचारताना

(मंडळाच्या वाशी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी आम्ही चार शब्द बोलावेत अशी आज्ञा अध्यक्षांनी केली, तेव्हा प्रथम आम्हांस संकोचच वाटला. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. सातारा जिल्ह्यातील खेड्यांच्या शाळांतून छत्तीस वर्षे मुलांना भूगोल व गणित शिकविले आणि निवृत्त झालो. आपणांपैकी पुष्कळांचा जन्म या शहरात गेला. त्यांच्यापुढे शहरात वाट कशी शोधावी या विषयावर आम्ही बोलावे, हे पोहणाऱ्यांपुढे काठावर बसलेल्याने पोहण्याची विद्या सांगण्यासारखे आहे. परंतु वाट चुकलेल्या मनुष्यास वाटेविषयी जे कळते, ते रोज त्या वाटेने जाणाऱ्यास कळतेच असे नाही. तेवढाच आमचा अधिकार.

दरवर्षी जून महिना आला की आपल्या गावांकडील मुले-मुली प्रवेशासाठी, परीक्षांसाठी, नोकरीच्या मुलाखतींसाठी या बाजूस येतात. म्हातारी माणसे औषधपाण्यासाठी येतात. कोणी माल घेऊन येथल्या मार्केटला येतो. त्यांतील बहुतेकांची ही शहराची पहिली भेट असते. त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या दारी ती येतात त्या आपणां सर्वांसाठी, आमच्या आयुष्यातील एक गोष्ट सांगतो. ज्याच्याशी ती निगडित आहे तो आमचा पुतण्या आज याच सभेत मागच्या रांगेत बसला आहे. त्याची अनुमती घेऊनच बोलत आहोत.

गोष्ट १९९४ सालची. आमचे थोरले बंधू गावी अंथरुणास खिळले होते. डॉक्टरांनी आम्हांस बाजूला घेऊन सांगितले, "मुलाला बोलावून घ्या, उशीर करू नका." मुलगा एकुलता एक, मुंबईस धान्याच्या बाजारात माथाडी काम करी. तो प्रथम गेला तेव्हा हा बाजार मशीद बंदराजवळ, दाणा बंदर नावाच्या भागात भरत असे. पुढे शासनाच्या धोरणाप्रमाणे मुंबईतील घाऊक बाजार एकामागून एक खाडीपलीकडे हलविण्यात आले. कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ साली आला, नंतर मसाल्याचा व धान्याचा आला, आणि भाजीपाला व फळे १९९६ साली आली. धान्याच्या बाजाराबरोबर आमचा पुतण्याही इकडे आला. परंतु व्यापारी जसे आपल्या पेढ्या घेऊन आले तसे आपल्या बाजाराचे नावही घेऊन आले. खाडीअलीकडच्या या नव्या धान्यबाजारासही लोक 'दाणा बंदर'च म्हणू लागले. पुतण्याच्या पत्राच्या माथ्यावर पूर्वीप्रमाणेच 'दाणा बंदर, मुंबई' एवढेच असे. आमची उत्तरे गावच्या जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांच्या हाती जात; त्यामुळे त्या पत्त्याची परीक्षा कधी झालीच नाही.

आम्ही त्याच पत्त्यावर तार केली. दोन दिवस उत्तर आले नाही. तिसऱ्या रात्री आम्ही साताऱ्याहून एस. टी. ने निघालो. गावातील ज्या माणसांना वाट ठाऊक होती, त्यांच्या घरी जाऊन निघण्यापूर्वी चौकशी करावी, इतकेही आम्हांस सुचले नाही. आम्ही शिक्षक. मुंबईचा नकाशा वर्गाच्या भिंतीवर टांगून छडीने ठिकाणे दाखविणारे. आम्हांस काय वाट विचारावी लागणार?

पहाटेच्या अंधारात आमची गाडी पनवेलवरून शीव-पनवेल महामार्गाने वाशीच्या पुलावर आली. पुढे तीच गाडी दादरला पोहोचली. ज्या मुलाला आणावयास आम्ही निघालो होतो, त्याच्या अंथरुणापासून काही मैलांवरून आम्ही गेलो आणि आम्हांस त्याचा पत्ताही नव्हता.

दादरहून लोकलने मशीद स्थानकावर उतरलो तेव्हा सकाळचे साडेसात झाले होते. तेथील गल्ल्यांतून आम्ही साडेअकरापर्यंत हिंडलो. चार तासांत केवळ दोघांस विचारले. तेही कसे विचारले ते ऐकण्यासारखे आहे. आम्ही म्हणालो, "दाणा बंदर कोठे आहे?" एकाने उत्तर दिले, "हेच." दुसऱ्यानेही तेच सांगितले. दोघेही खरे बोलले. भागाचे नाव तेच होते. आमचा प्रश्न चुकला होता. आम्हांस हवे होते पोती उतरविणारे माथाडी, आणि आम्ही विचारले जागेचे नाव. शेवटी पाय थकले तेव्हा एका हातगाडीवाल्याशेजारी बसलो आणि त्याने आपण होऊन विचारले म्हणून सर्व हकीकत सांगितली. तो म्हणाला, "गुरुजी, धान्याचा बाजार कवाच वाशीला गेला. त्या तिथनंच वाशीची गाडी पकडा." ज्या स्थानकावर आम्ही उतरलो होतो, त्याच स्थानकावरून हार्बर मार्गाची गाडी वाशीस जात होती. मानखुर्द ते वाशी हा लोहमार्ग १९९२ च्या मे महिन्यात सुरू झाला होता. आमच्या वर्गातील नकाशावर तो नव्हता. नकाशा जुना होता.

वाशी स्थानकाबाहेर रिक्षात बसलो आणि "मार्केट" म्हणालो. रिक्षावाल्याने विचारले, "कुठलं मार्केट?" येथे पुन्हा आमचा अभिमान आडवा आला. 'ठाऊक नाही' असे म्हणण्याऐवजी आम्ही म्हणालो, "मोठे मार्केट." त्याने कांदा-बटाट्याच्या बाजारापाशी सोडले. तेथून मसाल्याच्या बाजारात गेलो आणि धान्याच्या बाजारात पोहोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. समोर गाळ्यांच्या लांबच लांब रांगा. प्रत्येक रांगेस अक्षर, प्रत्येक गाळ्यास क्रमांक. आमच्याजवळ अक्षर नाही, क्रमांक नाही. द्वाररक्षकाने विचारले, "टोळी कोणती? मुकादम कोण?" आम्हांस पुतण्याचे नाव ठाऊक होते आणि त्या आडनावाचे लोक तेथे शेकड्यांनी होते.

अखेर पोत्यांच्या थप्पीच्या सावलीत खाली बसलो. एक वयस्कर माथाडी खांद्यावर हूक अडकवून चालला होता. तो थांबला व म्हणाला, "पावनं, गाव कंचं?" आम्ही गाव सांगितले, तालुका सांगितला, आणि डोळ्यांतून पाणी आले. त्याने शेजारच्या गावच्या एकास हाक मारली, त्याने दुसऱ्यास, दुसऱ्याने मुकादमास. तासाभरात कळले की, टोळी काम संपवून गेली असून आमचा मुलगा कोपरखैरण्यास एका खोलीत गावच्या सात-आठ जणांबरोबर राहतो. त्या माथाड्याने आम्हांस रिक्षात बसवून खोलीच्या दारापर्यंत आणून सोडले. वाटेत चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत. दिवसभर नावाने जे साधले नाही, ते गावाच्या नावाने तासात साधले.

मुलगा भेटला, पण आम्हांस महामार्गावर एस. टी. मिळाली ती रात्री उशिरा. सकाळी सात वाजता गावात शिरलो. बंधूंनी पहाटे साडेतीनला देह ठेवला होता. रात्री दोनपर्यंत ते "आला का?" असे विचारीत होते, असे शेजाऱ्यांनी सांगितले. आमचा तो दिवस वाया गेला नसता, आम्ही दुपारची गाडी धरली असती, तर रात्री दहाच्या सुमारास बाप-लेकाची भेट झाली असती. वहिनींनी आम्हांस त्याविषयी आजतागायत एका शब्दाने विचारले नाही. पुतण्याही कधी बोलला नाही. म्हणूनच ती गोष्ट आम्ही स्वतः बोलावी, असे या वयात वाटू लागले आहे.

सज्जनहो, ही कथा सहानुभूती मिळविण्यासाठी सांगितली नाही. त्या दिवशी कोणी आम्हांस फसविले नाही, लुटले नाही, कोणी उर्मटपणे उत्तर दिले नाही. शहराने आमचे काहीच वाकडे केले नाही. आम्ही हरवलो ते दोन कारणांनी. पत्ता अपुरा होता. आणि विचारण्याची लाज वाटली. पहिला दोष लिहिणाऱ्याचा, दुसरा जाणाऱ्याचा. या दोन्हींचा विचार क्रमाने करू.

प्रथम पत्त्याविषयी. जुने शहर आपोआप वाढते. त्याच्या गल्ल्यांना माणसांची, धंद्यांची, देवळांची नावे पडतात. नवी मुंबई तशी वाढली नाही. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल या तिघांनी १९६० नंतरच्या काळात तिची कल्पना मांडली; १९७० साली सिडको स्थापन झाली आणि शहर कागदावर आखून मग बांधले गेले. म्हणून येथे क्रमांकांचे राज्य आहे. परंतु या क्रमांकांत एक फसवी जागा आहे. वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, खारघर अशा प्रत्येक वसाहतीत सेक्टरांची गणना पुन्हा एकपासून सुरू होते. तेव्हा केवळ 'सेक्टर १९' असे लिहिणे म्हणजे 'इयत्ता चौथीतील विद्यार्थी' असे लिहिण्यासारखे होय. शाळा कोणती ते सांगितल्यावाचून त्यास अर्थ नाही. वसाहत, सेक्टर, भूखंड अथवा इमारत, मग खोली, या क्रमाने पत्ता लिहिला पाहिजे.

मार्केटच्या बाबतीत तर अधिकच काळजी हवी. लोक म्हणतात 'वाशी मार्केट'. पण ते आहे तुर्भे भागात. एकाच नावाखाली बाजार आहेत पाच: कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य. साखर व सुका मेवाही मसाल्याच्या बाजारात मिळतो. कागदोपत्री मसाला बाजारास 'मार्केट १, फेज २' म्हणतात, तर दाणा बंदरास 'मार्केट २, फेज २'. एकास विचारले आणि दुसऱ्यात गेलो, तर उन्हातान्हात मोठी पायपीट होते. म्हणून बाजाराचे नाव, गाळ्याचे अक्षर व क्रमांक, आणि माथाड्याकडे जावयाचे असल्यास टोळी व मुकादम, ही माहिती कागदावर असलीच पाहिजे.

जागेइतकीच वेळही पत्त्याचा भाग आहे, हे आम्ही भूगोल शिकवूनही पुष्कळ उशिरा शिकलो. भाजीच्या बाजारात मालाच्या गाड्या रात्री येतात आणि पहाटेच्या अंधारात खरेदी-विक्रीची गर्दी असते. सूर्य वर आला की ती ओसरते. धान्याचा व मसाल्याचा बाजार दिवसाचा. फळांच्या बाजारात मार्च ते मे या हापूसच्या दिवसांत जी रीघ असते, ती इतर महिन्यांत नसते. भाजीच्या गाळ्यावर काम करणाऱ्या भावाला दुपारी तीन वाजता शोधणे म्हणजे मारुतीच्या देवळात शनिवार सोडून जत्रा शोधणे होय.

येण्याच्या मार्गांविषयी थोडक्यात सांगतो. घाटावरून एस. टी. ने येणाऱ्याने एक खूण मनाशी पक्की धरावी: मार्केटला जावयाचे तर खाडी ओलांडावयाची नाही. खिडकीतून खाडीचे पाणी दिसले, की आपण पुढे गेलो असे समजावे. निघतानाच वाहकास सांगून ठेवावे आणि पनवेल मागे पडल्यावर पुन्हा आठवण द्यावी. त्यात त्याचा अपमान नाही व आपलाही नाही. मुंबईकडून लोकलने येणाऱ्यास वाशी व सानपाडा ही स्थानके लागतात. तुर्भे स्थानक मात्र या मार्गावर नाही; ते २००४ साली सुरू झालेल्या ठाण्याच्या मार्गावर आहे. पनवेलच्या गाडीत बसून तुर्भ्याची वाट पाहणारे कित्येक पाहुणे जुईनगर, नेरूळ करीत बेलापूरपर्यंत गेलेले आपण पाहिले असतील. गाडीवर कोणते नाव लिहिले आहे ते चढण्यापूर्वी वाचावे, आणि तरीही आत शेजाऱ्यास एकदा विचारावे.

आता दुसऱ्या, अधिक अवघड गोष्टीकडे वळतो. ती म्हणजे विचारणे. आपल्याकडे म्हणतात की, बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही खपत नाही. बाजारात हे सर्वांस पटते. वाटेवर मात्र पटत नाही. शिकलेल्या मनुष्यास तर मुळीच नाही. 'मला ठाऊक नाही' या तीन शब्दांचे ओझे आम्हांस क्विंटलच्या पोत्याहून जड वाटले.

जपानात बहुतेक रस्त्यांना नावेच नसतात. वस्तीच्या ठोकळ्यांना व घरांना क्रमांक असतात. म्हणून तेथे ठिकठिकाणी 'कोबान' नावाच्या लहान पोलीस चौक्या आहेत आणि वाट सांगणे हे त्यांच्या नित्याच्या कामांपैकी एक मानले जाते. त्या देशातील मनुष्य आपल्याच शहरात चौकीपाशी थांबून वाट विचारतो आणि त्यात कोणी कमीपणा मानीत नाही. यंत्रविद्येत एवढा पुढे गेलेला देश जर विचारण्यास लाजत नाही, तर आपण का लाजावे?

विचारण्याची काही रीत मात्र आहे. घाईने चालणाऱ्यास विचारू नये. जो एका जागी बसून धंदा करतो, त्यास विचारावे. चहावाला, पानवाला, द्वाररक्षक, रिक्षाच्या रांगेतील चालक यांस भोवतालची जागा ठाऊक असते. एकास विचारून निघू नये, पुढे दुसऱ्यास विचारून पडताळा घ्यावा. गणितात आपण ताळा पाहतो तसाच. 'हा रस्ता मार्केटला जातो ना?' असे विचारले की माणूस सहज 'हो' म्हणून जातो. 'मार्केटला कोणता रस्ता जातो?' असे विचारले की त्यास विचार करून सांगावे लागते. सेक्टरचा क्रमांक न सांगता येणारेही माथाडी भवन कोठे आहे ते सांगतात, म्हणून जवळची ठळक खूण आधी विचारून ठेवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जागेच्या नावाबरोबर आपले काम सांगावे. "दाणा बंदर कोठे?" असे न म्हणता "आमचा पुतण्या धान्याच्या बाजारात माथाडी आहे, त्यास निरोप द्यावयाचा आहे" असे म्हटले असते, तर पहिल्याच माणसाने आम्हांस वाशीची वाट दाखविली असती.

तरुण मंडळी म्हणतील, "गुरुजी, आता हे सारे कशाला? फोनमध्ये नकाशा आहे." खरे आहे. आम्हीही तो वापरतो आणि त्याचे उपकार मानतो. ज्या तारेची आम्ही दोन दिवस वाट पाहिली, ती तारसेवाही २०१३ साली बंद झाली. आता निरोप क्षणात पोहोचतो. परंतु फोनला आपण जे नाव सांगू, तेथेच तो नेईल. 'दाणा बंदर' म्हटले तर कोणते, हे आपल्यालाच ठाऊक असले पाहिजे. तो रस्ता दाखवितो; गाळा उघडा आहे की बंद, टोळी आज कोणाच्या गाळ्यावर आहे, हे त्यास विचारता येत नाही. शिवाय रात्रभराच्या प्रवासात फोन बंद पडला, म्हणजे पत्ताही त्याच्या पोटात अडकतो. म्हणून एका कागदावर पत्ता व दोन फोन क्रमांक लिहून तो खिशात ठेवावा, ही आमची विनंती आहे.

त्या माथाडी बांधवांविषयी दोन शब्द बोलल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. अण्णासाहेब पाटील यांनी या विखुरलेल्या कष्टकऱ्यांची संघटना बांधली, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. त्यांतील पुष्कळजण सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांच्या डोंगरभागांतून आले आणि गावाच्या खोलीत दाटीवाटीने राहिले. नवा मनुष्य गावाहून आला की प्रथम त्या खोलीवर उतरे. तेथे त्यास पथारी मिळे आणि शहराची वाट कळे. आम्हांस "गाव कंचं?" म्हणून विचारणारा तो मनुष्य आपल्या ज्ञातीचा नव्हता. त्याचे नाव विचारण्याचेही त्या गडबडीत राहून गेले. पुढे दोन वेळा मार्केटात जाऊन आम्ही त्याचा शोध केला. तो भेटला नाही. त्याचे ऋण फेडण्याचा एकच मार्ग उरला आहे, तो म्हणजे वाट विचारणाऱ्या कोणाही परक्यास त्याच्यासारखे उत्तर देणे.

म्हणून मंडळापुढे आमच्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, गावाकडे राहणाऱ्या आपल्या प्रत्येक कुटुंबाच्या घरी येथील नातलगाचा संपूर्ण पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावा आणि घर बदलले की त्याच आठवड्यात तो बदलावा. आमच्या पुतण्याने त्या वर्षापासून हा नियम पाळला आहे. दुसरी, जून-जुलै महिन्यांत पहिल्यांदा येणाऱ्या मुला-मुलींस उतरून घेण्यासाठी मंडळाच्या तरुणांनी पाळीपाळीने वाशी व सानपाडा येथे उभे राहावे. आदल्या दिवशी फोन आला, की दुसऱ्या दिवशी माणूस हजर असावा. तिसरी, मुलांस लहानपणापासून बाजारात, स्थानकात, टपालकचेरीत स्वतः विचारावयास लावावे. आईबापांनी पुढे होऊन त्यांच्या वतीने बोलू नये. छत्तीस वर्षे आम्ही मुलांकडून उत्तरे पाठ करून घेतली. प्रश्न विचारावयास शिकविले असते, तर ते अधिक उपयोगी पडले असते, असे आता वाटते.

आमचे बंधू गेले त्यास आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. गेलेला दिवस परत येत नाही. परंतु आपणांपैकी कोणाच्या घरी उद्या असा प्रसंग आला, आणि कागदावर गाळ्याचा क्रमांक नीट लिहिलेला असल्यामुळे, अथवा जाणाऱ्याने वेळीच लाज सोडून विचारल्यामुळे, एखाद्या बापास आपला मुलगा डोळ्यांनी पाहता आला, तर आमचे आजचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.